टॉपमध्ये, पण हळू

जुन्या अमेरिकन मोटारींचा विषय निघाला की पुष्कळांच्या डोळ्यांसमोर मरीन ड्राइव्ह उभा राहतो. पांढरी इम्पाला, खाली घेतलेलं छत, वाऱ्यावर उडणारा रुमाल आणि मागे व्हायोलिनं. माझ्या डोळ्यांसमोर येतो तो चंद्रपूरहून पद्मापूरवरून मोहर्लीला जाणारा रस्ता. दोन्हीकडे साग, मधे धूळ, पुढे बांबू लादलेल्या बैलगाड्यांची रांग, आणि त्या रांगेच्या शेपटाशी, हॉर्न न वाजवता, माणसाच्या चालीने सरकणारी सोळा फुटी मोटार. स्टिअरिंगवर मी, शेजारी मामाजी, त्यांच्या शेजारी दिवाणजी. मागच्या बाकावर किती माणसं आहेत हे मोजायची आमच्याकडे पद्धत नव्हती.

मामाजींचा चांद्याला लाकडाचा धंदा. सरकारने चांद्याचं चंद्रपूर केलं तरी त्यांच्या पिढीच्या तोंडी चांदाच राहिलं. आरामशीन जटपुरा गेटच्या बाहेर आणि ठेक्याचे कूप, म्हणजे तोडीला मिळालेले जंगलाचे तुकडे, मोहर्लीच्या अलीकडे-पलीकडे. या दोन टोकांमध्ये हिंडायला त्यांनी नागपूरकडच्या एका मालगुजाराच्या वाड्यातून ही मोटार आणली. मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी, १९५१ साली गेली. ऐट त्यानंतर दहा-पंधरा वर्षं तग धरून होती. ऐटही गेल्यावर मोटार विकायला निघाली आणि मामाजींना परवडली. घरात मामीजींचं म्हणणं असं, की एवढ्या लांबीत दोन खोल्या निघाल्या असत्या.

मोटार नेमकी कोणती, यावर आरामशीनवर कायमचा वाद होता. पुढचं नाव केव्हाच पडलेलं. दिवाणजी म्हणत डॉज, मिस्त्री म्हणे प्लिमथ, आणि समोरचा पानवाला शपथेवर डिसोटो सांगे. गंमत अशी की तिघांनाही खोटं ठरवणं कठीण होतं. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि १९४७ पासून कुर्ल्याच्या कारखान्यातून क्रायस्लरच्या गाड्या बाहेर पडू लागल्या. पुढे तिथेच जोडल्या गेलेल्या डॉज किंग्जवे, डिसोटो डिप्लोमॅट आणि प्लिमथ सॅव्हॉय या गाड्या आतून जवळपास एकच होत्या. फरक पुढच्या जाळीचा, चकचकीत पट्ट्यांचा आणि अक्षरांचा. एकाच माणसाने तीन लग्नांत तीन फेटे बांधून मिरवावं, तसा प्रकार. त्यातून आमच्या मिस्त्रीने तिन्ही घराण्यांचे सुटे भाग या एका देहात बसवलेले होते. तेव्हा वाद मिटण्याची शक्यता नव्हतीच, आणि तो मिटावा अशी कोणाची इच्छाही नव्हती.

या गाड्या आपल्याकडे पोरक्या कशा झाल्या, तेही याच काळातलं. शिवडीला १९२८ पासून जनरल मोटर्सचा कारखाना होता. शेवरोलेच्या मोटारी आणि लॉऱ्या तिथे जोडल्या जात. फोर्डही मुंबईत होतीच. एसटी सुरू झाली १९४८ साली, तेव्हा तिच्या पहिल्या ताफ्यातही शेवरोले आणि स्टुडबेकर अशी अमेरिकन मंडळी होती. पुढे टॅरिफ कमिशनचा १९५३ चा अहवाल आला. नुसते बाहेरून भाग आणून गाडी जोडणाऱ्यांना इथे जागा उरणार नाही, गाडी इथेच बनवायची तयारी हवी, असा त्याचा रोख होता. जनरल मोटर्स आणि फोर्ड दोघांनी गाशा गुंडाळला. कंपन्या गेल्या, गाड्या राहिल्या. त्यांचं पुढचं पालनपोषण गॅरेजमधल्या मिस्त्र्यांनी केलं. क्यूबाच्या हवानात अमेरिकेशी व्यापार तुटल्यावर जुन्या शेवरोले आणि ब्युइक कशा जगवल्या, त्याची चित्रं आता जगभर कौतुकाने छापली जातात. आमच्या चांद्याच्या मिस्त्रीचा फोटो कोणी काढला नाही. तो ट्रकचा भाग घ्यायचा, कानसीने घासायचा, देवाचं नाव घ्यायचा आणि बसवायचा. बसला की म्हणायचा, "ओरिजनल पेक्षा भारी हाय जी."

मला गाडी चालवायला मामाजींनी शिकवली. मामाजींना स्वतःला ती येत नव्हती, म्हणून शिकवण्यात अडचण आली नाही. त्यांना माहीत होता एकच धडा, आणि पुढे मला कळलं की त्या गाडीपुरता तो पुरेसा होता. गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खाली, पुढे तीन आणि मागे एक. पहिला टाकायचा तो गाडी जागची हलवायला. दुसरा नावापुरता. मग तिसरा, म्हणजे टॉप. एकदा टॉप पडला की पुन्हा दांड्याला हात लावायचं काम नाही. पुढे बैलगाडी आली तरी टॉप. गुरं परतताना रस्ता भरला तरी टॉप. मी तरुण, हात शिवशिवत. बैलगाडीला वळसा घालून पुढे काढावी म्हणून मी दांड्याकडे हात नेला की मामाजी पान एका गालातून दुसऱ्या गालात सरकवून विचारत, "जोर हाय नं गाडीत? मंग घाई कायले?"

हा प्रश्न मी इतकी वर्षं जवळ बाळगून आहे. त्यामागचं यंत्रशास्त्र साधं आहे. त्या गाडीला सहा सिलिंडर, इंजिन साडेतीन लिटरच्या वर, आणि अश्वशक्ती शंभराच्या अलीकडेच. कागदावर पाहिलं तर हसू येतं. माझा भाचा आज मोहर्लीत जिप्सी चालवतो. तिचं तेराशे सीसीचं चिमुकलं इंजिन ऐंशी घोडे काढतं. पण त्यासाठी त्याला मिनिटाला सहा हजार फेरे घ्यावे लागतात, म्हणजे ऊर फुटेस्तोवर ओरडावं लागतं. जुन्या सहा सिलिंडरवाल्याचा खरा ओढा हजार-बाराशे फेऱ्यांतच हजर असायचा. इंजिन जेमतेम कुजबुजतंय आणि दीड टनाचं धूड, त्यात बसलेलं अर्धं गाव आणि टपावरची पोती सुखाने पुढे चाललीत, असा कारभार. त्या गाड्या वेगासाठी प्रसिद्ध झाल्या, कारण जाहिराती वेगाच्या निघतात. हळू जाण्याची जाहिरात कोण काढणार? पण माझ्या मते त्यांचं खरं मोठेपण हळू जाण्यात होतं. ज्याच्याकडे ताकद शिलकीत आहे त्यालाच संथ राहणं परवडतं.

अर्थात संथपणा दर वेळी स्वखुशीचा नसे. मे महिन्यात चांद्याचा पारा पंचेचाळीस-शेहेचाळीसच्या पुढे जातो. बॉनेटखाली त्याहून भयंकर. टाकीतून निघालेलं पेट्रोल इंजिनपर्यंत पोचायच्या आत नळीतच त्याची वाफ होई, आणि वाफ ओढून पंपाचा दम उखडे. गाडी दोन आचके देऊन आगरझरीच्या अलीकडे उभी राही. उपाय एकच, पंपावर ओलं फडकं. म्हणून उन्हाळ्यात आमच्या गाडीत पाण्याचा एक डबा माणसांसाठी आणि एक गाडीसाठी असायचा. बाहेर आमच्या डोक्याला ओला दुपट्टा, आत पंपाला ओला पंचा. दोघंही ताळ्यावर यायला सारखाच वेळ लागायचा. तोवर मंडळी सावलीत उतरत. दिवाणजी तंबाखू मळत. तेंदूपत्ता वेचून परतणाऱ्या बाया थांबून चौकशी करत, आणि त्यातल्या एखादीला मोहर्लीपर्यंत यायचं असलं की गाडी सुरू झाल्यावर ती मागच्या बाकावर असे. ठेकेदाराच्या गाडीत मजूर बाईने बसावं की नाही, हा प्रश्न गाडी बंद पडल्यामुळे आपोआप सुटायचा. ज्या गाडीला सगळ्यांनी मिळून धक्का मारलाय, तिच्यात कोणाला बसू नको म्हणणार?

बाक हा त्या गाडीचा दुसरा मोठेपणा. पुढेही एक सलग बाक, मागेही एक सलग बाक. गिअर स्टिअरिंगखाली असल्याने पुढच्या बाकाच्या मधे काही आड येत नव्हतं. अमेरिकेत म्हणे तो नवराबायकोने जवळ बसावं म्हणून असे. आमच्याकडे त्यावर चार माणसं आणि एक पोर बसे. आताच्या गाड्यांत प्रत्येकाला आपली वेगळी खुर्ची, वेगळा पट्टा, वेगळं एसीचं भोक. सलग बाकावर तसं चालत नाही. वळणावर एक सरकला की सगळे सरकतात. शेजाऱ्याचं मत काय आहे ते आधी आपल्या कोपराला कळतं.

पौषात ताडोबाच्या तलावाकाठी तारूच्या देवस्थानाला जत्रा भरायची. वाघाशी झुंजताना मेलेल्या गावप्रमुखाचं ते ठाणं, आणि त्याच्याच नावावरून ताडोबा, असं मानतात. दूरदूरच्या पाड्यांवरून माणसं पायी यायची. त्या दिवसांत आमची गाडी मोहर्लीहून पुढे निघाली की रस्त्यात कोणी हात दाखवायचीही गरज नसे. चालीचाच वेग असल्याने म्हातारी माणसं चालत्या गाडीचं दार उघडून आत यायची, आणि मामाजी "बसा जी बसा" म्हणत आणखी आक्रसायचे. नारळाच्या पिशव्या, पोरं, घोंगड्या, सगळं मावायचं. मावेनासं झालं की मडगार्ड होते. त्या मडगार्डांची रुंदी पाहून मला नेहमी वाटे, की डेट्रॉइटमधल्या कोणा चित्रकाराने आमच्या जत्रेचा विचार आधीच करून ठेवला असावा.

त्याच रस्त्याच्या कडेला गोंड राजांच्या काळचे उंच दगडी खांब ओळीने उभे आहेत. सांगतात की त्यांच्या माथ्यावरून दोर ओवलेला असे आणि राजा रानात आला की दोर ओढून घंटांची खबर पुढे पुढे पोचे. म्हणजे हॉर्नच, फक्त गाडीवर न बसवता रस्त्यावर बसवलेला. मामाजींना ही व्यवस्था फार आवडायची. राजाला स्वतः बोंबलावं लागत नाही, हा त्यातला मुद्दा.

इथवर वाचून कोणाला वाटेल, की हळू चालणारी गाडी म्हणजे मोठी साधुसंत. तसं नव्हतं. आमच्या गाडीच्या छताच्या कडेला दोन भोकं होती, मिस्त्रीने लांबी भरून बुजवलेली. पावसाळ्यात तिथून थेंब गळे. मालगुजाराच्या वेळी तिथे सर्चलाइट होता. ताडोबात शिकारबंदी आली १९३५ साली आणि १९५५ साली ते राष्ट्रीय उद्यान झालं. पण भोवतालचं रान मोकळं होतं. तिथे शिकारीचे ब्लॉक मिळत, आणि महायुद्धानंतर मोटार, झगझगीत दिवा आणि बंदूक ही तिकडी रात्रीच्या रानात शिरली, तिने देशभरच्या जंगलांची जी लूट केली ती आधीच्या हत्तीवरच्या आणि मचाणावरच्या शिकारीलाही जमली नव्हती. वाघाच्या शिकारीवर देशभर बंदी यायला १९७० उजाडलं आणि वन्यजीव कायदा १९७२ चा. टॉपमध्ये, आवाज न करता, दिव्याच्या झोतात चितळांचे डोळे चमकेपर्यंत जाणं, यालाही हीच गाडी कामाची होती. नेम धरणाराही हळूच जातो. तेव्हा संथपणा आपोआप पुण्यवान होत नाही, आत कोण बसलंय त्यावर ते ठरतं. मामाजींनी त्या भोकांबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. पाऊस आला की ते फक्त जागा बदलून बसत.

त्या मोटारींच्याच देशातून आलेली, पण कुळाने वेगळी, अशी दुसरी गाडी आमच्या भागात फिरायची, ती जीप. महायुद्धासाठी घडवलेली विलीज. महिंद्रांनी १९४५ साली कंपनी काढली आणि ते दशक संपता संपता मुंबईत विलीज जीपा जोडायला घेतल्या. चांद्याच्या जंगलात ती रेंजरसाहेबांची झाली, तहसीलदारांची झाली, हिवतापवाल्यांची झाली, निवडणुकीच्या पेट्यांची झाली. मोठ्या मोटारी शेवटपर्यंत परदेशी पाहुण्या राहिल्या, जीप मात्र इथलीच होऊन गेली. चार चाकं आणि ताडपत्री दिसली की आमच्याकडे ती जीपच, मग बनवणारा कोणी का असेना. जीपही मी चालवली. ती नाल्यात उतरे, चिखलातून निघे, तिच्या पराक्रमाला तोड नव्हती. पण तिच्यात बसलं की माणूस कामावर असल्यासारखा वागू लागे. पाठीला हिसके बसत, त्यामुळे बोलणं तुटक होई, आणि तुटक बोलणारा माणूस थोड्याच वेळात हुकूम सोडायला लागतो. आमच्या मोटारीत हुकूम सोडला तर तो मागच्या बाकापर्यंत पोचेस्तोवर त्याची विनंती झालेली असे.

मग १९७३ च्या अखेरीला अरब देशांनी तेलाचा नळ आवळला आणि जगभरच्या लठ्ठ मोटारींचे दिवस भरले. आमची लिटरला पाच-सहा किलोमीटर द्यायची, तेही उतार असेल तर. काहींनी अशा गाड्यांत डिझेल इंजिनं कोंबली. मामाजींनी नकार दिला. म्हणाले, हिचा आवाज गेल्यावर उरतं काय? वर्ध्याकडे जमनालाल बजाजांच्या एका जुन्या फोर्डला बैल जुंपत आणि तिला गमतीने ऑक्सफर्ड म्हणत, ही गोष्ट विदर्भात बऱ्याच जणांनी ऐकलेली असते. दिवाणजींनी तीच सुचवण्याचं धाडस केलं. मामाजी म्हणाले, "बैल येईन बी, पण चार पायाचा बैल ह्या गाडीइतका हळू चालत नाही." मग गाडी फक्त चैत्रात महाकालीच्या यात्रेपुरती निघू लागली. नंतर तीही बंद. शेवटी भंगारवाला आला. त्याला लोखंडाशी मतलब, म्हणून पुढचा बाक त्याने आनंदाने काढून दिला. तो आरामशीनच्या ओसरीवर मांडला गेला आणि पुढे कित्येक वर्षं चांद्याच्या लाकडाचे निम्मे सौदे त्याच्यावर झाले. गाडीत बसायची तशीच माणसं त्यावरही बसायची, एक सरकला की सगळे सरकायचे. अंतर तेवढं कापलं जात नव्हतं, पण अंतर कापणं हे त्या गाडीचं मुख्य काम कधी नव्हतंच.

आता मोहर्ली ओळखू येत नाही. ऐंशीच्या दशकात इरईच्या धरणाचं पाणी पसरलं, वीजकेंद्र आलं, १९९५ साली ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प झाला, आणि आमच्या बांबूच्या गाड्यांच्या रस्त्यावर रिसॉर्टच्या पाट्या लागल्या. पहाटे गेटवर जिप्स्यांची रांग लागते. गावातली पोरं चालक आहेत, गाईड आहेत. पोरीही गाईड झाल्यात आणि जाणकार आहेत. हे फार चांगलं झालं. जे जंगल तुटून आमच्या मामाजींना पोसत होतं, ते आता उभं राहून गावाला पोसतं. आत वेगाची मर्यादा ताशी वीस किलोमीटर. मामाजींनी ऐकलं असतं तर विचारलं असतं, एवढी जास्त काहून?

मंगळवारी उद्यानाला सुट्टी असते, तेव्हा भाचा निवांत भेटतो. आता मी मामाजी आणि तो स्टिअरिंगवर, एवढी बढती मला मिळाली आहे. तो सांगतो, वीसची मर्यादा आहे खरी, पण तेलिया तलावाकडून कॉल आला, म्हणजे चितळ ओरडलं, वानर खाकरलं, की पाहुणे त्याच्या मानगुटीवर बसतात. चलो चलो, जल्दी. मोठाल्या लेन्सा कापडातून बाहेर निघतात. सगळ्या जिप्स्या एकाच वळणाकडे. त्या छोट्या इंजिनांचा तो टाहो मी ऐकला आहे. आणि मग सागातून वाघ रस्त्यावर येतो. येतो तो पळत नाही, बघत नाही, कोणाला मोजत नाही. रस्त्याच्या मधोमध चालू लागतो आणि त्याच्यापुढे दहा गाड्या रिव्हर्समध्ये कण्हत मागे मागे जातात. मी भाच्याला म्हटलं, ह्याले म्हणतात टॉपमध्ये हळू चालनं. जोर हाय नं, मग घाई कायले?

भाचा हसला. त्याच्या पिढीची काळजी निराळी आहे. जिप्सी बाजारात विकणं कंपनीने २०१९ साली बंद केलं. म्हणजे आता त्याच्याही गाडीला मिस्त्री शोधायचे, कानस चालवायची, ओरिजनलपेक्षा भारी म्हणायचं. फिरून तेच चक्र. त्याचं म्हणणं, पुढे विजेच्या गाड्या येतील. मी मन लावून चौकशी केली, कारण विजेच्या मोटरचा एक गुण मला ओळखीचा वाटला. उभी असतानाच तिचा पूर्ण ओढा हजर. गिअर बदलायचं काम नाही, ओरडायचं काम नाही. माणसाच्या चालीने दिवसभर न्या, कुरकूर करणार नाही. म्हणजे कुर्ल्याच्या त्या तीन फेट्यांच्या गाडीचं जे मर्म होतं ते पेट्रोलचा राक्षस वगळून परत येतंय. फक्त पुढे सलग बाक बसवतील का, एवढं विचारून घे, असं मी भाच्याला सांगितलं. तो म्हणाला, "मामाजी, बाक भेटन. पण पाहुण्याले सरकाले सांगन कोन?"